ध्वनियंत्रणा सुरू होतानाचे अवांछित आवाज : निदानाची रीत आणि उपाय

घरातील ध्वनियंत्रणेला वीज मिळाल्यापासून ती स्थिर होईपर्यंतचा काळ जेमतेम काही सेकंदांचा असतो; परंतु अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर आणि त्यांना जोडलेली उपकरणे यांच्यातील अनेक दोषांची पहिली खूण याच काळात ऐकू येते. बटण दाबताच स्पीकरमधून बसणारा ‘धप्प’ असा दणका, पाठोपाठ सुरू होणारी खालच्या पट्टीतील गुणगुण, काही वेळाने आपोआप विरणारी खरखर किंवा यंत्राच्या पेटीतूनच येणारी घरघर या साऱ्यांना सामान्य बोलण्यात ‘सेट खराब झाला’ एवढेच म्हटले जाते आणि त्यामुळे दुरुस्तीही अंदाजानेच होते. कधी निर्दोष स्पीकर बदलला जातो, कधी महागड्या वायरी आणल्या जातात, तर कधी गुणगुण थांबावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकली जाते आणि घरातील माणसांचा जीव धोक्यात येतो. प्रत्यक्षात यांतील प्रत्येक आवाजाला ठरावीक कारण असते. तो केव्हा येतो, किती टिकतो, कोठून येतो आणि व्हॉल्यूमच्या बटणाला दाद देतो की नाही, एवढे नीट पाहिले तर यंत्राचे झाकण न उघडताही दोषाची जागा बऱ्याच अंशी ठरवता येते. प्रस्तुत लेखात निदानाची ही रीत क्रमाने मांडली असून, घरी करता येण्याजोगे उपाय कोणते आणि तंत्रज्ञाकडेच सोपवावयाची कामे कोणती, हेही त्या त्या ठिकाणी स्पष्ट केले आहे.

वीज येताच यंत्रात काय घडते

भारतातील घरगुती वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० वेळा आपले पूर्ण आवर्तन करणारी असते. पारंपरिक अ‍ॅम्प्लिफायरमधील ट्रान्सफॉर्मर तिचा दाब कमी करतो. डायोडांची जोडणी, म्हणजे रेक्टिफायर, तिला एकाच दिशेने वाहणाऱ्या डीसी विजेचे रूप देते. आणि विद्युतभार साठवून ठेवणारे मोठे फिल्टर कपॅसिटर तिच्यातील चढउतार सपाट करतात. बटण दाबण्याच्या क्षणी हे कपॅसिटर रिकामे असल्याने आणि ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभाही नव्याने चुंबकित होत असल्याने काही क्षण नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचला जातो. कड्याच्या आकाराच्या, म्हणजे टोरॉइडल, ट्रान्सफॉर्मरमध्ये हा प्रारंभिक झोत विशेष मोठा असतो. अशा यंत्राच्या पेटीतून सुरू होताना क्षणभर ‘घुम्’ असा आवाज येणे आणि खोलीतील दिवा किंचित लुकलुकणे ही त्यामुळे नेहमीची बाब आहे. मोठ्या यंत्रांत हा झोत आवरण्यासाठी तापल्यावर रोध कमी होणारा थर्मिस्टर, किंवा आरंभी प्रवाहाच्या वाटेत उभा राहून थोड्या वेळाने बाजूला काढला जाणारा रोधक बसवलेला असतो.

याच वेळी प्रवर्धन करणारी मंडले आपापल्या स्थिर विद्युतदाबावर येऊ लागतात. प्रत्येक भाग वेगळ्या गतीने स्थिर होत असल्याने तोवर अ‍ॅम्प्लिफायरच्या बाहेर पडणाऱ्या टोकावर क्षणिक दाब उमटू शकतो आणि तोच स्पीकरपर्यंत पोहोचला की दणका म्हणून ऐकू येतो. तो पोहोचू नये म्हणून अनेक चांगल्या यंत्रांत रिले, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडझाप होणारा स्विच, स्पीकरच्या वाटेत बसवलेला असतो व सारे स्थिरावल्यावर, साधारणपणे २ ते ५ सेकंदांनी, तो जोडला जातो. अशा यंत्रातून काही सेकंदांनी येणारा कोरडा ‘टक्’ हा आवाज पेटीतील रिलेचा असतो. तो दोष नसून संरक्षणव्यवस्था नीट चालू असल्याचे लक्षण आहे.

निदानाचे चार प्रश्न

पहिला प्रश्न वेळेचा आहे. बटण दाबताच येणारा आणि लगेच संपणारा आवाज बहुधा कपॅसिटर भरण्याशी किंवा स्विचच्या ठिणगीशी संबंधित असतो. रिले जोडला जाताच येणारा दणका अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकावर डीसी दाब शिल्लक असल्याचे सुचवतो. सुरू झाल्यावर कायम राहणारी गुणगुण वीजपुरवठ्याकडे किंवा जोडण्यांकडे बोट दाखवते. आणि यंत्र तापल्यावर सुरू होणारी किंवा थांबणारी खरखर सैल पडलेला सोल्डरचा जोड अथवा झिजलेला घटक सूचित करते.

दुसरा प्रश्न जागेचा आहे. आवाज स्पीकरमधून येतो की यंत्राच्या पेटीतून, हे कान जवळ नेऊन पाहावे. पेटीतील घरघर स्पीकरच्या तारा काढल्यावरही चालू राहिली, तर ती ट्रान्सफॉर्मरच्या कंपनाची असते आणि ध्वनीच्या मंडलाशी तिचा संबंध नसतो. आवाज स्पीकरमधून येत असल्यास तो दोन्हींमधून येतो की एकाच, हे ठरवावे. एकाच बाजूचा आवाज असेल तर यंत्र बंद करून दोन्ही स्पीकरच्या तारांची अदलाबदल करावी : आवाज त्याच स्पीकरमध्ये राहिला तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या तारेत, आणि दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला तर तो अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्याही मागे असतो.

तिसरा प्रश्न व्हॉल्यूमचा आहे आणि सर्व चाचण्यांत हीच सर्वाधिक माहिती देते. व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर गुणगुण किंवा दणका नाहीसा झाला, तर तो व्हॉल्यूमच्या बटणाच्या आधीच्या भागातून, म्हणजे टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, संगणक, रेकॉर्ड प्लेयर किंवा त्यांना जोडणाऱ्या वायरींतून येत असतो. व्हॉल्यूम कमीजास्त केल्याने त्यात काहीच फरक पडत नसेल, तर त्याचे मूळ बटणानंतरच्या भागात, म्हणजे पॉवर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये अथवा त्याच्या वीजपुरवठ्यात असते. ज्या यंत्रांत व्हॉल्यूम अंकीय पद्धतीने नियंत्रित होतो, तेथेही हा नियम बहुतांशी लागू पडतो.

चौथा प्रश्न वजाबाकीचा आहे. यंत्र बंद करून त्याच्या मागील सर्व इनपुट वायरी काढाव्यात, फक्त स्पीकर जोडलेले ठेवावेत आणि यंत्र सुरू करावे. आवाज तरीही आला तर अ‍ॅम्प्लिफायर दोषी असल्याची खात्री वाढते. तो थांबला तर यंत्र प्रत्येक वेळी बंद करून एकेक वायर परत जोडत जावे, म्हणजे कोणत्या उपकरणाबरोबर आवाज परततो ते कळते. दोन बदल एकाच वेळी करू नयेत, कारण मग कोणत्या बदलाचा परिणाम झाला हे सांगता येत नाही. येथे एक काळजी आवश्यक आहे : आरसीए पिनेचा मधला, ध्वनिसंकेत नेणारा दांडा बाहेरच्या कड्याआधी जोडला जात असल्याने चालू यंत्रात ती घातली वा काढली की स्पीकरमधून मोठा कर्कश आवाज येतो आणि नाजूक ट्वीटर त्याने निकामी होऊ शकतो. म्हणून कोणतीही वायर यंत्र बंद असतानाच हाताळावी.

सुरुवातीचा एकच दणका

अनेक घरांत ध्वनियंत्रणेची सर्व उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असतात आणि भिंतीवरील एकाच बटणाने चालू-बंद केली जातात. या सोयीमुळे सेट-टॉप बॉक्स, मिक्सर किंवा प्रीअ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे मंद ध्वनिसंकेत थोडा वाढवून पुढे देणारे उपकरण, सुरू होताना जो क्षणिक झटका देते, तोही तयार असलेला अ‍ॅम्प्लिफायर तितक्याच इमानाने मोठा करून स्पीकरला देतो. याचा उपाय विनाखर्चाचा आहे : प्रथम ध्वनीचा स्रोत, मग प्रीअ‍ॅम्प्लिफायर आणि सर्वांत शेवटी पॉवर अ‍ॅम्प्लिफायर सुरू करावा, बंद करताना क्रम नेमका उलटा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आधी आणि स्रोत शेवटी असावा, दोन्ही वेळी व्हॉल्यूम शून्यावर असावा. वीज गेल्यावर अ‍ॅम्प्लिफायरचे स्वतःचे बटण बंद करून ठेवावे, कारण ती परत येते तेव्हा सर्व उपकरणे एकदमच जागी होतात आणि त्या क्षणी दाबही बऱ्याचदा अस्थिर असतो.

हा क्रम पाळूनही आणि इनपुट वायरी काढूनही दणका येत राहिला, तर अ‍ॅम्प्लिफायरची रचना समजून घ्यावी लागते. स्वस्त मल्टिमीडिया संचांत आणि स्थानिक जुळणीच्या अनेक अ‍ॅम्प्लिफायरांत वीजपुरवठा एकेरी, म्हणजे एक धन टोक आणि एक शून्य टोक असलेला असतो. कारागिरांच्या बोलण्यात नुसत्या ‘४४४०’ या आकड्याने ओळखला जाणारा, दोन्ही वाहिन्यांवर प्रत्येकी ६ वॅट देणारा सान्यो कंपनीचा एलए४४४० हा आयसी याच पद्धतीने वापरला जातो. अशा मंडलात बाहेर पडणारे टोक स्थिर स्थितीत पुरवठ्याच्या निम्म्या दाबावर असते, आणि हा डीसी दाब स्पीकरपर्यंत जाऊ नये म्हणून मधे एक मोठा कपॅसिटर बसवावा लागतो. पुरवठा २४ व्होल्टचा असेल तर या कपॅसिटरला सुरू होताना १२ व्होल्टपर्यंत भरावे लागते, आणि त्याच्या भरण्याचा प्रवाह स्पीकरमधूनच जात असल्याने शंकू एकदा पुढे ढकलला जाऊन दणका बसतो. २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ८ ओहमचा स्पीकर यांच्या जोडीचा कालस्थिरांक सुमारे १८ मिलिसेकंद येतो. म्हणूनच हा आवाज आखूड आणि बोथट असतो. सौम्य असेल तोवर तो या रचनेचा अंगभूत गुण मानावा. पूर्वी तो नव्हता आणि आता वाढत चालला असेल, तर मात्र कपॅसिटर किंवा आयसीजवळचा विलंब देणारा भाग झिजला आहे असे समजावे.

दुहेरी पुरवठ्याच्या, म्हणजे शून्याच्या दोन्ही बाजूंना धन आणि ऋण दाब असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरांत हा कपॅसिटर नसतो आणि स्पीकर थेट मंडलाला जोडलेला असतो. तेथे सुरुवातीच्या क्षणी धन व ऋण बाजू सारख्या गतीने वर आल्या नाहीत की दणका बसतो. टीडीए७२९४ सारख्या आयसींना यासाठी ‘म्यूट’ आणि ‘स्टँडबाय’ अशी दोन स्वतंत्र टोके दिलेली असतात. त्यांना रोधक व लहान कपॅसिटरच्या साहाय्याने थोडा विलंब दिला तर आयसी शांतपणे जागा होतो. जुळणी करणाऱ्याने ही टोके सरळ पुरवठ्याला बांधली असल्यास दणका अटळ ठरतो आणि मंडल मुळाबरहुकूम पूर्ण करणे हाच त्यावरचा उपाय असतो. ज्या यंत्रात स्पीकर संरक्षणाचा रिलेच नाही, त्यात तो वेगळ्या लहान बोर्डाच्या रूपाने बसवून घेता येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतील सुट्या भागांच्या बाजारात असे बोर्ड मागता येतात. मात्र केवळ दणक्याला विलंब देणारा बोर्ड न घेता, टोकावर डीसी दाब आल्यास स्पीकर तोडणारा बोर्ड घ्यावा, कारण स्पीकरचे खरे रक्षण तोच करतो.

स्विचच्या ठिणगीचा आवाज यांहून वेगळा, चटका दिल्यासारखा ‘चट्’ असा येतो आणि तो शेजारचा पंखा, ट्यूबलाइट किंवा फ्रिज चालू-बंद होतानाही ऐकू येतो. स्विचचे संपर्क विलग होताना त्यांच्यामध्ये उडणारी सूक्ष्म ठिणगी रेडिओलहरी उत्पन्न करते आणि इनपुटच्या वायरी त्या झेलतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या बटणाबाबत तंत्रज्ञ त्या संपर्कांवर रोधक आणि कपॅसिटरची जोडी बसवून ही ठिणगी शमवतात. हा कपॅसिटर मुख्य विजेवर वापरण्यासाठी प्रमाणित असलेल्या ‘एक्स२’ वर्गाचाच असावा लागतो, कारण साधा कपॅसिटर त्या जागी शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो. झिजलेले, सैल झालेले बटण बदलणे हा त्याआधीचा आणि सोपा उपाय आहे.

टिकून राहणारी गुणगुण

सुरू झाल्यावर न थांबणाऱ्या गुणगुणीला दुरुस्ती करणारे ‘हमिंग’ म्हणतात. तिचे दोन प्रकार कानाने वेगळे करता येतात. ५० हर्ट्झची गुणगुण खोल, गोल आणि मऊ असते. विजेच्या तारांच्या क्षेत्रातून, खराब जोडणीतून किंवा ग्राउंड लूपमधून ती येते. १०० हर्ट्झची गुणगुण अधिक टोकदार, भुंग्यासारखी असते, कारण रेक्टिफायर प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्धभाग एकाच दिशेला वळवून आवर्तनांची संख्या दुप्पट करतो. फिल्टर कपॅसिटर झिजले की विजेतील चढउतार सपाट होत नाहीत आणि हीच दुप्पट गुणगुण ध्वनीत उतरते. व्हॉल्यूम शून्यावर असूनही कायम राहणारी १०० हर्ट्झची गुणगुण ही जुन्या यंत्रात फिल्टर कपॅसिटर बदलण्याची वेळ आल्याची जवळजवळ खात्रीची सूचना असते. डोके फुगलेला, तळाशी द्रव ओघळलेला कपॅसिटर तंत्रज्ञाला पाहताच ओळखू येतो. मात्र बाहेरून नीट दिसणारा कपॅसिटरही आतून सुकलेला असू शकतो, म्हणून मोजमाप आवश्यक असते. नवा कपॅसिटर निवडताना त्याचा व्होल्ट आकडा मूळ आकड्याइतका किंवा जास्त असावा आणि उष्ण पेटीत ८५ अंशांऐवजी १०५ अंश सेल्सिअसचा घ्यावा, कारण या घटकांचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटते.

ग्राउंड लूप म्हणजे दोन उपकरणे एकमेकांना ध्वनीच्या वायरीच्या बाह्य आवरणाने जोडलेली असतानाच, दुसऱ्या एखाद्या वाटेने अर्थिंगलाही जोडली जाऊन तयार होणारे बंद वलय होय. घरातील दोन सॉकेटांच्या किंवा केबलच्या तारेच्या अर्थिंगच्या दाबात किंचितही फरक असला, की या वलयातून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो आणि वायरीच्या आवरणातून जाताना तो ध्वनिसंकेतात मिसळतो. केबल टीव्हीची कोअ‍ॅक्सिअल तार हा यातील नेहमीचा संशयित असतो, कारण तिचे आवरण घराबाहेर दुसऱ्याच ठिकाणी जमिनीशी जोडलेले असते. ही तार सेट-टॉप बॉक्समधून काढताच गुणगुण थांबली, तर निदान पूर्ण झाले असे समजावे. लॅपटॉप चार्जरवर असतानाच गुणगुण येत असेल आणि चार्जर काढताच ती थांबत असेल, तर तेथेही हेच कारण असते.

यावरचे उपाय पुढील क्रमाने करून पाहावेत. पहिल्यांदा सर्व उपकरणे एकाच सॉकेटवरून निघालेल्या, योग्य अर्थिंग असलेल्या चांगल्या बोर्डावर घ्यावीत, म्हणजे त्यांच्या अर्थिंगमधील फरक कमी होतो. दुसरे, टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स आणि अ‍ॅम्प्लिफायर दोहोंना ऑप्टिकल जोडणी असल्यास ती वापरावी; तिच्यातून संकेत प्रकाशाच्या रूपाने जात असल्याने धातूची वाटच उरत नाही. तिसरे, ऑप्टिकल सोय नसल्यास ध्वनीच्या वायरीत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा, जो संकेत चुंबकीय मार्गाने पुढे देतो आणि दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने विलग ठेवतो; त्याची प्रत हलकी असल्यास खालच्या पट्टीतील ध्वनी मात्र थोडा क्षीण होतो. केबलच्या तारेसाठी कोअ‍ॅक्सिअल आयसोलेटरही मिळतात. डीटीएच छत्रीच्या तारेवर मात्र असा सामान्य आयसोलेटर चालत नाही, कारण छत्रीवरील एलएनबीला लागणारी डीसी वीज त्याच तारेतून वर जाते आणि आयसोलेटर ती अडवतो. तेथे ऑप्टिकल जोडणीच सोयीची ठरते.

अर्थिंगची पिन तोडणे किंवा तीन पिनांच्या यंत्राला दोन पिनांचा प्लग बसवणे हा उपाय कोणत्याही परिस्थितीत करू नये. त्याने गुणगुण थांबू शकते आणि म्हणूनच तो अनेकांना सुचवला जातो. परंतु यंत्राच्या धातूच्या पेटीत फेजची तार टेकली, तर अर्थिंगमुळे उडणारा फ्यूज किंवा एमसीबी उडत नाही आणि पेटीला हात लावणाऱ्याच्या शरीरातून प्रवाह वाहतो. जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरे छिद्र असूनही त्यामागे तारच नसणे, किंवा ती तुटलेली असणे आढळते. म्हणून गुणगुणीबरोबर पेटीला स्पर्श होताच झिणझिण्या येत असतील, तर ध्वनियंत्र बाजूला ठेवून आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. जे यंत्र मुळातच दोन पिनांचे आणि दुहेरी विद्युतरोधनाचे आहे, त्याचा प्लग सॉकेटमध्ये उलटा घालून पाहिल्याने गुणगुण कधीकधी कमी होते आणि तसे करण्यास हरकत नसते.

रेकॉर्ड प्लेयरची गुणगुण स्वतंत्रपणे पाहावी लागते. त्याच्या सुईजवळील कार्ट्रिजमधून निघणारा संकेत काही मिलिव्होल्टचाच असल्याने तो फार मोठ्या प्रमाणात वाढवावा लागतो आणि त्याबरोबर आसपासची थोडीशी गुणगुणही वाढते. प्लेयरमागून निघणारी बारीक, बहुधा टोकाला फाटा असलेली तार अ‍ॅम्प्लिफायरवरील ‘ग्राउंड’ लिहिलेल्या स्क्रूला घट्ट बांधलेली आहे, आणि प्लेयर ट्रान्सफॉर्मरपासून दूर ठेवलेला आहे, एवढे पाहिले तरी बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

खरखर आणि तुटक आवाज

सुरुवातीला येणारी आणि व्हॉल्यूमचे बटण फिरवल्यावर वाढणारी खरखर त्या बटणामागील कार्बनच्या पट्टीवर धूळ व ओलावा बसल्याने येते. यंत्र बंद करून, प्लग काढून, बटणाच्या फटीतून इलेक्ट्रॉनिक कामाचा कॉन्टॅक्ट क्लीनर अल्प प्रमाणात मारून बटण दोन्ही टोकांपर्यंत अनेकदा फिरवल्यास ती कमी होते. क्लीनर पूर्ण वाळल्यावरच यंत्र सुरू करावे. कोकणात आणि गोव्यात, जेथे पावसाळ्यातील दमट हवेबरोबर समुद्राचा खारटपणाही असतो, तेथे आरसीए पिना, स्पीकरच्या तारांची टोके आणि रिलेचे संपर्क यांच्यावर लवकर गंज चढतो. तारांची काळवंडलेली टोके कापून नवी, चकाकती तांब्याची टोके बसवणे आणि पिना काढून पुन्हा घट्ट घालणे हे काम पावसाळा संपल्यावर दरवर्षी करण्यासारखे आहे.

सुरू होताच एक बाजू बंद किंवा फाटक्या आवाजाची असते आणि व्हॉल्यूम क्षणभर वाढवताच ती खुलते, हे रिलेच्या संपर्कांवर थर साचल्याचे लक्षण आहे. मोठ्या प्रवाहाने तो थर तात्पुरता भेदला जातो, पण पुन्हा साचतो. म्हणून रिले बदलणे हाच टिकाऊ उपाय ठरतो. संपर्क सँडपेपरने घासले तर त्यांच्यावरील उत्तम धातूचा पातळ थर निघून जातो आणि दोष काही दिवसांत अधिक तीव्रतेने परततो. यंत्रावर हलकी टिचकी मारल्यावर आवाज बदलत असेल तर बोर्डावरील एखादा सोल्डरचा जोड सुटलेला असतो. दुरुस्ती करणारे त्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात.

अनेक महिने बंद राहिलेले यंत्र सुरू होताना खरखरते आणि काही वेळाने शांत होते, कारण कपॅसिटरमधील विद्युतरोधक थर न वापरल्याने क्षीण होतो आणि वीज मिळाल्यावर हळूहळू पुन्हा बनतो. दीर्घकाळ पडून असलेले जुने यंत्र थेट मुख्य विजेवर न लावता तंत्रज्ञाकडून ‘सीरिज बल्ब’वर सुरू करून घ्यावे. या पद्धतीत पिवळ्या प्रकाशाचा साधा तारेचा बल्ब यंत्राच्या वाटेत जोडलेला असतो : तो क्षणभर प्रखर होऊन मंदावला तर कपॅसिटर भरून पुढचे सुरळीत झाले असे मानतात, आणि प्रखरच राहिला तर यंत्रात शॉर्ट असल्याचे, कोणतीही हानी होण्याआधी, कळते.

बाहेरून येणारी कारणे

यंत्र निर्दोष असूनही पुरवठ्याच्या गुणवत्तेमुळे आवाज येऊ शकतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होताच घरघर वाढत असेल, तर तो इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह प्रकारचा आहे का ते पाहावे. त्याच्या चौकोनी लहरीत वरच्या पट्टीतील अनेक घटक असतात आणि ते ट्रान्सफॉर्मरलाही कंपित करतात व मंडलातही शिरतात. शुद्ध साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर हा त्रास होत नाही. दिव्यांचे डिमर आणि काही पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर प्रत्येक आवर्तनाचा काही भाग कापून प्रकाश किंवा वेग कमी करतात आणि त्या कापण्याचा खरखरीत आवाज ध्वनियंत्रात येतो. रेग्युलेटर पूर्ण गतीवर नेताच तो थांबला, तर कपॅसिटर पद्धतीचा रेग्युलेटर बसवून घ्यावा.

परदेशातून, विशेषतः अमेरिकेतून, घरी आणलेल्या यंत्रांचा प्रश्न वेगळा असतो. तेथील वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असल्याने, मागे व्होल्ट बदलण्याची सोय नसलेले यंत्र येथे सरळ लावल्यास जळते. दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर वापरला तरी आवर्तने ५० च राहतात, आणि केवळ ६० हर्ट्झसाठी बनलेल्या यंत्राच्या गाभ्यातील चुंबकीय प्रवाह त्याच दाबाला २० टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर घरघरतो आणि तापतो. यंत्राच्या मागील पट्टीवर ‘५०/६० हर्ट्झ’ असे लिहिलेले असेल, तरच ते निर्धास्तपणे वापरावे.

थांबण्याची वेळ कशी ओळखावी

दणक्याचे गांभीर्य ठरवणारे सर्वांत उपयुक्त मोजमाप साध्या डिजिटल मल्टिमीटरने करता येते. सर्व इनपुट वायरी व स्पीकर काढून, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, यंत्र सुरू झाल्यावर स्पीकरच्या दोन टोकांमधील डीसी दाब मोजावा. या वेळी मीटरची टोके एकमेकांना टेकू देऊ नयेत. दुहेरी पुरवठ्याच्या यंत्रात तो ५० मिलिव्होल्टच्या आत असल्यास चिंतेचे कारण नाही. १०० मिलिव्होल्टहून अधिक असल्यास तपासणी करून घ्यावी, आणि तो व्होल्टमध्ये गेला असल्यास स्पीकर पुन्हा जोडूच नये. ८ ओहमच्या स्पीकरच्या कॉइलचा डीसी रोध साधारण ६ ओहम असतो. निकामी झालेल्या ट्रान्झिस्टरमधून ३० व्होल्टचा दाब तिच्यावर सरळ आला तर १५० वॅट उष्णता निर्माण होते, आणि शंकू एका बाजूला ताणून स्थिर राहिल्याने कॉइलला हवाही मिळत नाही. परिणामी ती थोड्याच वेळात जळते. म्हणून यंत्र सुरू होताच वूफरचा शंकू आत किंवा बाहेर जाऊन तेथेच राहिला, तर क्षणाचाही विलंब न लावता वीज बंद करावी.

जळका वास, धूर, पुन्हा पुन्हा उडणारा फ्यूज आणि पेटीला येणारा शॉक या खुणांनंतर घरगुती प्रयोग थांबवावेत. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठ्या आकड्याचा फ्यूज किंवा नुसती तार बसवल्यास मूळ दोष तसाच राहून ट्रान्सफॉर्मर जळतो, क्वचित आगही लागते. झाकण उघडण्याचा मोह प्लग काढल्यानंतरही आवरावा, कारण फिल्टर कपॅसिटर वीज बंद झाल्यावरही बराच वेळ भारित राहू शकतात. ते स्क्रू-ड्रायव्हर टेकवून न सोडता योग्य रोधकातून रिकामे करणे हे जाणकाराचे काम आहे.

यंत्र तंत्रज्ञाकडे नेताना ‘आवाज येतो’ एवढेच न सांगता चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून द्यावीत : आवाज किती सेकंदांनी येतो व किती टिकतो, कोणत्या बाजूला येतो, व्हॉल्यूमने बदलतो का, आणि सर्व वायरी काढल्यावर राहतो का. या टिपणामुळे शोधाचा वेळ वाचतो आणि निर्दोष घटक बदलले जाण्याची शक्यता कमी होते. दुरुस्ती झाल्यावर कोणता घटक कोणत्या कारणाने बदलला हे विचारून घ्यावे आणि बदललेला भाग मागून घ्यावा.

दुरुस्तीची परीक्षाही विचारपूर्वक करावी लागते. दुकानात आधीच काही वेळ चालू असलेले, कपॅसिटर भरलेले यंत्र पुन्हा सुरू केल्यास दणका बसत नाही आणि दोष गेल्याचा भास होतो. म्हणून यंत्र घरी रात्रभर प्लग काढून ठेवावे आणि सकाळी, आधी ज्या जोडण्यांत व ज्या व्हॉल्यूमवर दोष दिसला होता, त्याच स्थितीत सुरू करून पाहावे. आवाज थांबला, पण तो का येत होता हे कोणालाच सांगता येत नसेल, तर दुरुस्ती अपुरी राहिली असे समजून डीसी दाबाचे मोजमाप पुन्हा घ्यावे. कारण समजले आणि मोजमापही मर्यादेत आले, तर त्या यंत्राला स्पीकर निश्चिंतपणे जोडण्यास हरकत नाही.